संमतीपत्रावरच्या सहीआधी : अल्पवयीनांचं ट्रान्झिशन, डीट्रान्झिशन आणि मधल्या बैठका

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या ट्रान्झिशनबद्दलचा, म्हणजे जन्माच्या लिंगाऐवजी मनाला जाणवणाऱ्या लिंगाने जगू लागण्याबद्दलचा, वाद बाहेरून ऐकला की वाटतं, प्रश्न एकच आहे: होऊ द्यायचं की नाही. संमतीच्या बैठका घेणाऱ्या पथकात बसलं की कळतं, इथे एकामागून एक पाच-सहा निर्णय येतात आणि प्रत्येकाचं वजन वेगळं असतं. नाव आणि कपडे बदलणं हा एक. वयात येणं औषधाने (प्युबर्टी ब्लॉकरने) थोपवणं हा दुसरा. पुढे स्वतःचं मूल होण्याची शक्यता राखून ठेवायची का, हा तिसरा. मग टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन ही हार्मोन, मग शस्त्रक्रिया. आणि ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं तो निर्णय म्हणजे यातलं काही थांबवणं किंवा मागे फिरणं, म्हणजेच डीट्रान्झिशन. या सगळ्यांसाठी मिळून एकच कागद पुढे केला की गोंधळाची सुरुवात तिथेच होते. या बैठका कशा चालायला हव्यात आणि कुठे फसतात, ते इथे क्रमाने लिहितो आहोत.

पहिला निर्णय बहुतेक वेळा दवाखान्यात येण्याआधीच झालेला असतो. मूल घरात किंवा मित्रमैत्रिणींत वेगळ्या नावाने वावरत असतं, 'मी जातो'चं 'मी जाते' झालेलं असतं, किंवा उलट. यात औषध नाही म्हणून कोणी संमतीचा विचार करत नाही. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लहानपणीच सामाजिक बदल केलेल्या ३१७ मुलांपैकी ९४ टक्के मुलं साधारण पाच वर्षांनीही स्वतःला ट्रान्सच मानत होती. एक बाजू म्हणते, मुलांना स्वतःबद्दल नीट कळलेलं होतं. दुसरी म्हणते, सगळ्यांनी मिळून ती ओळख पक्की केली. एका आकड्यातून दोन्ही अर्थ निघतात आणि त्या अभ्यासातून त्यांची निवड करता येत नाही. म्हणून नोंदीत आम्हाला दोन गोष्टी हव्या असतात: बदल कधी आणि कोणाच्या पुढाकाराने झाला, आणि मुलाला पुन्हा बदलावंसं वाटलं तर घरात ते बोलायला जागा आहे का. दुसऱ्या प्रश्नावर आईवडील गप्प झाले, तर पुढच्या दोन बैठका त्यावरच घालवाव्यात.

मग येतं मूल्यमापन. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत लिंगभावाच्या डिस्फोरियासाठी जन्माचं लिंग आणि मनाला जाणवणारं लिंग यांतली किमान सहा महिने टिकलेली विसंगती आणि तिच्यामुळे होणारा ठळक त्रास, या दोन्ही अटी आहेत. निदान हा भाग सोपा. अवघड असतं ते त्याच्या आजूबाजूचं: नैराश्य, ऑटिझम, जेवण तोडण्याची सवय, लैंगिक अत्याचाराचा इतिहास, शाळेतली छळवणूक, समलिंगी आकर्षण आणि त्याची घरात असलेली भीती. यातलं काही सापडलं म्हणजे डिस्फोरिया खोटा ठरत नाही. ऑटिझम असलेला मुलगा खरोखर ट्रान्स असू शकतो. पण आधी कशावर काम करायचं आणि कशाची वाट पाहायची, ते यावरून ठरतं. एका तासाच्या एका भेटीत हे होत नाही. महिन्यांनी अंतर ठेवून तीन-चार भेटी, त्यातल्या किमान दोन आईवडिलांशिवाय, आणि एक फक्त आईवडिलांबरोबर, एवढं तरी लागतं.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. 'तू शंका बोलून दाखवलीस तर औषध मिळणार नाही' असं मुलाला कळलं की ते शंका लपवायला शिकतं. घोटून पाठ केलेली उत्तरं येतात. लहानपणापासून असंच वाटायचं, कधीच वेगळं वाटलं नाही, पुढेही वाटणार नाही. मूल्यमापन जितकं चाळणीसारखं वागतं, तितकी माहिती कमी मिळते. त्यामुळे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगून ठेवावं लागतं: "तुझ्या मनात शंका आहे म्हणून मी तुला नाही म्हणणार नाही. शंका कळली नाही तर मात्र मला तुला मदत करता येणार नाही." आणि मग तसं वागावंही लागतं. मुलाने शंका सांगितली आणि पुढच्याच आठवड्यात त्याची फाइल बाजूला पडली, तर ते मूल तुम्हाला पुन्हा काही खरं सांगणार नाही.

संमती द्यायची क्षमता कशी जोखायची, यावर वैद्यकशास्त्रात बऱ्यापैकी एकमत आहे. माहिती समजणं, ती आपल्या आयुष्याला लावून पाहणं, पर्यायांची तुलना करणं, आणि निवड सांगता येणं. इंग्लंडमध्ये १९८५ च्या गिलिक खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १६ वर्षांखालचं मूलही पुरेशी समज असेल तर स्वतः संमती देऊ शकतं असं मान्य केलं, आणि तेव्हापासून तिथे वयापेक्षा समज पाहिली जाते. तो खटला गर्भनिरोधकांचा होता. नेदरलँड्समध्ये ब्लॉकर सुरू करण्याआधी ७४ किशोरवयीनांची क्षमता एका प्रमाणित मुलाखतीने तपासली, तेव्हा ८९ टक्के त्यात सक्षम ठरले. आम्हाला हा निकाल पटतो, पण अर्धाच. समजणं आणि मांडणं या दोन गोष्टी तेरा-चौदा वर्षांची मुलं उत्तम करतात. अडतं ते 'माझ्या आयुष्याला लावून पाहणं' इथे. तिसाव्या वर्षीचा मी कसा असेन, हे त्या वयात कुणालाच नीट दिसत नाही, ट्रान्स असो वा नसो. कर्करोगाच्या उपचारांतही हीच अडचण येते. फरक इतकाच की तिथे थांबण्याची किंमत सगळ्यांना मान्य असते.

प्युबर्टी ब्लॉकर म्हणजे जीएनआरएच अ‍ॅनालॉग गटातली औषधं: ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन, हिस्ट्रेलिन. पहिल्या दोघांची महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा इंजेक्शनं, तिसऱ्याची वर्षभर चालणारी कांडी दंडाच्या त्वचेखाली. पिट्युटरी ग्रंथीला सतत उद्दीपन मिळालं की ती दमते आणि अंडाशय किंवा वृषणांना संदेश पाठवणं बंद करते. पहिल्या काही आठवड्यांत उलट संप्रेरकं थोडी वाढतात, कधी मुलीला पाळीसारखा रक्तस्राव होतो. हे आधी सांगितलं नाही तर घरात घबराट उडते. सुरुवात टॅनर टप्पा २ (टॅनर म्हणजे वयात येण्याचे टप्पे मोजायची पट्टी) च्या आधी करायची नसते, म्हणजे स्तनांची पहिली गाठ किंवा वृषणांची पहिली वाढ दिसल्यावरच. नंतर दर तीन ते सहा महिन्यांनी उंची, वजन, टॅनर टप्पा. सहा ते बारा महिन्यांनी एलएच आणि एफएसएच ही पिट्युटरीची संप्रेरकं, इस्ट्राडायॉल किंवा टेस्टोस्टेरॉन आणि ड जीवनसत्त्व. एक-दोन वर्षांनी हाडांच्या घनतेचा डेक्सा स्कॅन आणि हाडांचं वय. प्रत्यक्षात डेक्सा सगळ्यात आधी गळतो, कारण तो दुसऱ्या विभागात करायचा असतो आणि मूल तर ठणठणीत दिसत असतं. वयात येण्याच्या वर्षांत हाडं झपाट्याने भरतात. ब्लॉकरवर असताना ती तशी भरत नाहीत, आणि मुलाचा झेड-स्कोअर, म्हणजे समवयस्कांच्या तुलनेतला हाडांच्या घनतेचा आकडा, खाली सरकतो. हार्मोन सुरू झाल्यावर तो काही अंशी सावरतो. इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये तो कमी सावरलेला दिसला आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने या औषधांच्या माहितीपत्रात कवटीतला दाब वाढण्याचा इशाराही घातला. क्वचित घडतं, पण डोकेदुखी आणि धूसर दिसणं या तक्रारी दोन्ही आईवडिलांना तोंडपाठ हव्यात.

आता वादाच्या गाभ्याशी येऊ. ब्लॉकर म्हणजे विचार करायला मिळालेला वेळ, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या पथकाने बसवलेली पद्धत २००६ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली: १२ व्या वर्षापासून ब्लॉकर, १६ व्या वर्षापासून हार्मोन, १८ नंतर शस्त्रक्रिया. पण वेळ मिळालेल्यांनी त्या वेळेचं काय केलं? नेदरलँड्समधल्याच एका मालिकेत १४३ पैकी १२५ जण हार्मोनवर गेले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या आरोग्यसंस्थेतल्या जिड्स या मुलांसाठीच्या लिंगभाव-सेवेने २०११ पासून केलेल्या अभ्यासात ४४ पैकी ४३. निवड अचूक झाली म्हणून असं झालं असेल. वयात येणं थांबल्यामुळे मुलाच्या मनाची पुढची वळणंही थांबली म्हणून असेल. दोन्ही थोडं थोडं असेल. तुलनेचा गट नसल्यामुळे यांतलं काहीच सिद्ध होत नाही. पण संमतीच्या दृष्टीने उत्तराची गरजही नाही. ब्लॉकर घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य पुढे जातात, हे माहीत असताना हार्मोनचे परिणाम ब्लॉकरच्या बैठकीत न सांगणं ही अपुरी माहिती आहे. आमचं मत इथे ठाम आहे. ब्लॉकरच्या संमतीपत्रात हार्मोनचं पान जोडलेलंच हवं.

कीरा बेलच्या खटल्यात नेमका हाच मुद्दा होता. तिने १६ व्या वर्षी ब्लॉकर, पुढच्या वर्षी टेस्टोस्टेरॉन आणि २० व्या वर्षी छातीची शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि नंतर ती डीट्रान्झिशन करून टॅव्हिस्टॉकविरुद्ध उभी राहिली. १ डिसेंबर २०२० ला लंडनच्या उच्च न्यायालयाने म्हटलं की १६ खालच्या मुलांना हे सगळं समजून संमती देता येण्याची शक्यता कमी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला: क्षमता ठरवण्याचं काम डॉक्टर आणि रुग्णाचं, सरसकट वय आखून देणं न्यायालयाचं काम नाही. कायद्याच्या अंगाने अपील न्यायालयाचं म्हणणं आम्हाला बरोबर वाटतं. पण पहिल्या निकालात न्यायाधीशांनी मुलाला काय काय समजलं पाहिजे त्याची जी यादी दिली होती, ती आजही कुठल्याही संमतीपत्राचा पाया म्हणून वापरण्याजोगी आहे.

त्या यादीतला सगळ्यात जड भाग प्रजननाचा. टॅनर २ ला ब्लॉकर सुरू झाले आणि मध्ये खंड न पडता हार्मोन आले, तर अंडपेशी किंवा शुक्राणू परिपक्व होण्याची वेळच येत नाही. शुक्राणू गोठवायचे तर वयात येणं बरंच पुढे गेलेलं असावं लागतं, आणि नमुना हस्तमैथुनाने द्यायचा असतो. ज्याला आपल्या त्या अवयवाकडे पाहणंही नको असतं, त्याला हे किती अवघड जातं ते बोलल्याशिवाय कळत नाही. अंडपेशी गोठवायच्या तर साधारण १० ते १४ दिवस रोज इंजेक्शनं, वाढलेलं इस्ट्रोजेन आणि बहुधा योनीतून सोनोग्राफी. वृषणाची ऊती गोठवणं अजून प्रायोगिकच आहे. "मला मुलं नकोच आहेत" हे तेरा वर्षांच्या मुलाचं उत्तर खरं असतं, पण ते आजचं उत्तर असतं. म्हणून प्रश्न बदलून विचारावा: "समज, तीस वर्षांचा असताना तुला स्वतःचं मूल हवंसं वाटलं आणि होऊ शकलं नाही, तर तेव्हाचा तू आजच्या तुला काय म्हणशील?" मग गप्प बसावं. उत्तर यायला वेळ लागतो आणि मध्ये आईने बोलू नये, हे तिला आधी सांगून ठेवावं.

लैंगिक सुखाचा विषय तर सर्रास वगळला जातो. जन्माने मुलगा असलेल्याचं वयात येणं अगदी सुरुवातीला थांबवलं, तर शिश्न वाढत नाही. पुढे योनी घडवायची शस्त्रक्रिया हवी असेल तर त्वचा पुरत नाही आणि आतड्याचा किंवा पोटातल्या आवरणाचा तुकडा वापरावा लागतो. ती शस्त्रक्रिया मोठी असते. डच पथकाच्या पहिल्या गटातल्या एका रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतरच्या गंभीर जंतुसंसर्गाने मृत्यू झाला होता. ज्याने कधी कामपूर्ती अनुभवलीच नाही त्याला ती गमावण्याबद्दल काय समजावणार, हा प्रश्न खरा आहे. तरीही संकोचून हा भाग गाळणं चूक. ज्या पथकाला हे शब्द उच्चारता येत नाहीत, त्याने संमती घेऊ नये.

हार्मोनचा टप्पा तुलनेने सुस्पष्ट असतो, कारण काय बदलतं आणि कधी, ते माहीत आहे. टेस्टोस्टेरॉनने पाळी एक ते सहा महिन्यांत थांबते, शिश्निका त्याच काळात वाढायला लागते, चेहऱ्यावर केस आणि आवाजात उतार सहा महिन्यांनंतर दिसू लागतो. आवाज, दाढी आणि शिश्निकेची वाढ परत जात नाही. चरबीची ठेवण आणि स्नायू औषध थांबवल्यावर बरेचसे परततात. योनीची त्वचा कोरडी आणि नाजूक होते, हे मुलांना माहीतच नसतं. आणि पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही, आणि गर्भाला ते घातक आहे. हे वाक्य कागदावर ठळक हवं. इस्ट्रोजेनने तीन ते सहा महिन्यांत स्तन वाढू लागतात, दोन-तीन वर्षांत वाढ पूर्ण होते आणि ती राहते. आवाज मात्र इस्ट्रोजेनने बदलत नाही, फुटलेला आवाज फुटलेलाच राहतो.

डोस हळू चढवायचा असतो. आंतरराष्ट्रीय एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार ब्लॉकरवरून आलेल्या मुलाला टेस्टोस्टेरॉन शरीराच्या दर चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम, दोन आठवड्यांतून एकदा, आणि दर सहा महिन्यांनी तितकीच वाढ. वयात येणं पूर्ण झालेल्याला ७५ मिलिग्रॅमपासून. इस्ट्राडायॉलची गोळी अशा मोठ्या मुलाला रोज १ मिलिग्रॅम, सहा महिन्यांनी २. बाहेरून औषध मिळवून घाईने दुप्पट घेणारी मुलं असतातच. त्यांना ओरडण्यापेक्षा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, तपासावं. टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट होतं, आकडा ५० टक्क्यांच्या पुढे सरकला की डोस आणि धूम्रपान दोन्हींची चौकशी, ५४ च्या वर गेला तर औषध थांबवून कारण शोधायचं. इस्ट्रोजेनच्या बाजूला चिंता रक्ताच्या गुठळीची, आणि जोडीला स्पायरोनोलॅक्टोन ही अँड्रोजन (पुरुषी संप्रेरकं) रोखणारी गोळी असेल तर पोटॅशियमची. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी, मग वर्षातून एक-दोनदा.

परिणामांची यादी देऊन झाली की एक प्रश्न उरतो, आणि तो बहुतेक संमतीपत्रांत टाळलेला असतो: याने मुलाला बरं वाटेल का? इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ हिलरी कास यांचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. त्यासाठी यॉर्क विद्यापीठाने पुराव्यांचे पद्धतशीर आढावे घेतले. ब्लॉकरवरच्या ५० अभ्यासांपैकी उच्च दर्जाचा एक निघाला, हार्मोनवरच्या ५३ पैकीही एकच. मध्यम दर्जाचे पुष्कळ होते आणि ते आढाव्यात धरलेही गेले, हे समर्थक आणि विरोधक दोघेही विसरतात. पुरावा कमकुवत असणं म्हणजे उपचार निरुपयोगी ठरणं नव्हे. फायदा किती होईल ते आज खात्रीने सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुलाला सांगायचं तेही इतकंच. "डॉक्टरांना नक्की माहीत नाही" हे वाक्य चौदा वर्षांच्या मुलाला नीट कळतं. मोठ्यांनाच ते म्हणायला जड जातं.

याच अनिश्चिततेतून देशांनी वेगवेगळे निष्कर्ष काढले. फिनलंडने २०२० मध्ये मानसोपचाराला पहिलं स्थान दिलं. स्वीडनने २०२२ मध्ये औषधं अपवादात्मक परिस्थितीपुरती आणि संशोधनापुरती आणली. इंग्लंडने मार्च २०२४ मध्ये ब्लॉकर नेहमीच्या सेवेतून काढले, त्याच महिन्यात जिड्स बंद झालं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये या कारणासाठी नव्याने ब्लॉकर देण्यावरची बंदी अनिश्चित काळासाठी पक्की केली. दुसरीकडे ट्रान्स आरोग्याच्या डब्ल्यूपॅथ या संघटनेने २०२२ च्या आठव्या आवृत्तीत पौगंडावस्थेतल्या उपचारांना जागा ठेवली, आणि जर्मन भाषक देशांच्या २०२५ च्या मार्गदर्शिकेनेही काळजीपूर्वक मूल्यमापनानंतर तोच मार्ग खुला ठेवला. अमेरिकेत वीसहून अधिक राज्यांनी कायद्यानेच मनाई केली आणि १८ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीचा असा कायदा ६ विरुद्ध ३ मतांनी कायम ठेवला. सरसकट बंदी आम्हाला मान्य नाही. जिथे उपचार सुरू आहेत अशा मुलाचं औषध कायद्याने तोडलं जातं तिथे मुलाच्या संमतीला काहीच किंमत उरत नाही. पण फिनलंड आणि स्वीडनच्या डॉक्टरांनी पुरावे पाहून हात आखडता घेतला, त्याला द्वेष म्हणणंही अन्याय आहे.

संमती मोडणारं एक वाक्य मात्र कुठल्याही देशात, कुठल्याही बाजूने बोलू नये. आईवडिलांना विचारलं जातं, "जिवंत मुलगा हवा की मेलेली मुलगी?" हा धाक आहे. धाकाखाली दिलेली संमती कायद्यातही टिकत नाही. या मुलांमध्ये आत्महत्येचे विचार जास्त असतात हे खरं, आणि प्रत्येक भेटीत ते सरळ विचारायलाच हवेत. पण औषधाने आत्महत्या टळतात असा दावा उपलब्ध पुरावा पेलत नाही, हे कास अहवालानेही नोंदवलं. जीव वाचवायची योजना स्वतंत्र असावी, तिला हार्मोनच्या तारखेची वाट पाहायला लावू नये. उलट धाकही तितकाच वाईट: "हे केलंस तर घर विसर." अशा घरातून आलेल्या मुलाचं 'नको' हे त्याचं स्वतःचं आहे का, तेही तपासावं लागतं.

आता थांबण्याविषयी. किती जण थांबतात, या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण प्रत्येक अभ्यास वेगळी गोष्ट मोजतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या १९७२ ते २०१५ च्या नोंदींत वृषण किंवा अंडाशय काढलेल्यांपैकी पश्चात्तापाचं प्रमाण एक टक्क्याहून कमी निघालं. पण तिथे पश्चात्ताप म्हणजे मूळ लिंगाची संप्रेरकं मागायला परत आलेले, आणि त्यांना परत यायला सरासरी दहा वर्षं लागली होती. अमेरिकी लष्कराच्या आरोग्यसेवेतल्या ९५२ जणांच्या औषधनोंदींत चार वर्षांनी ७० टक्के हार्मोनवर टिकले होते. उरलेल्यांनी पस्तावून सोडलं की दुसरीकडून घेतलं, ते नोंदीत दिसत नाही. अमेरिकेतल्या २०१५ च्या ट्रान्स सर्वेक्षणात ट्रान्झिशनचं कोणतंही पाऊल उचललेल्यांपैकी १३ टक्क्यांनी कधीतरी डीट्रान्झिशन केल्याचं सांगितलं आणि त्यातल्या बहुसंख्यांनी घरचा, समाजाचा दबाव यांसारखी बाहेरची कारणं दिली. पण त्या सर्वेक्षणात फक्त आजही स्वतःला ट्रान्स म्हणवणारेच होते. २०२१ च्या दुसऱ्या एका पाहणीत डीट्रान्झिशन केलेल्या १०० जणांपैकी ६० टक्क्यांनी 'आपल्या मूळ लिंगात आता बरं वाटतं' हे कारण दिलं, आणि फक्त २४ जणांनी आपल्या डॉक्टरांना कळवलं होतं. तो २४ चा आकडा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी औषध दिलं त्यांनाच कळत नाही, तर पुढच्या मुलाला ते कोणत्या आधारावर धोका सांगणार?

लोक परत येत नाहीत त्याची कारणं साधी आहेत. लाज वाटते. डॉक्टर रागावतील किंवा समजूत घालतील असं वाटतं. पूर्वीच्या मित्रमैत्रिणी तुटतील ही भीती असते, आणि आपल्या अनुभवाचा कुणीतरी राजकारणासाठी वापर करेल हीसुद्धा. म्हणून थांबण्याची माहिती पहिल्याच संमतीपत्रात लिहिलेली असावी: कधीही थांबता येईल, कारण द्यावं लागणार नाही, आणि थांबल्यावरही तपासणी इथेच होईल. डब्ल्यूपॅथच्या आठव्या आवृत्तीत डीट्रान्झिशनला स्वतंत्र प्रकरण नाही. त्यामुळे पुढची माहिती प्रत्येक पथक आपापल्या अनुभवावर बेतून देतं.

थांबायला आलेल्या माणसाला आधी विचारायचं ते हे: शेवटचा डोस कधी, कोणत्या प्रकारचा, आणि शरीरात कोणते अवयव आहेत. जेल असेल तर टेस्टोस्टेरॉन काही दिवसांत उतरतं, दोन आठवड्यांचं इंजेक्शन असेल तर काही आठवड्यांत, आणि अनडेकॅनोएट हे लांब पल्ल्याचं इंजेक्शन असेल तर तीन महिने तरी धरून चालावं. अंडाशय असतील तर पाळी बहुधा काही महिन्यांत परतते. सहा महिन्यांत आली नाही तर तपासावं, आणि गर्भ नको असेल तर गर्भनिरोधक पहिल्या दिवसापासून. वृषण असतील तर टेस्टोस्टेरॉन परततं, शुक्राणू परततीलच असं नाही, आणि अँड्रोजन रोखणाऱ्या गोळ्या बंद करायला विसरू नये. ते विसरलं जातं. त्या वेगळ्या चिठ्ठीवर असतात. ज्यांचे अंडाशय किंवा वृषण काढलेले आहेत त्यांनी मात्र औषध नुसतं सोडून द्यायचं नसतं. शरीरात कोणतंच लैंगिक संप्रेरक उरलं नाही की अंगातून गरम वाफा, मरगळ आणि मग हाडांची झीज. त्यांना एका हार्मोनवरून दुसऱ्यावर न्यायचं असतं, तेही त्याच भेटीत.

टेस्टोस्टेरॉनने खाली गेलेला आवाज वर येत नाही, पण वाचा-उपचारतज्ज्ञाबरोबर काही महिने काम केलं तर सूर आणि आवाजाची घुमण्याची जागा बदलता येते. चेहऱ्यावरच्या काळ्या केसांना लेझर चालतं, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका. पिकलेल्या किंवा सोनेरी केसांना इलेक्ट्रोलिसिसच. काढलेल्या स्तनांच्या जागी इम्प्लांट किंवा चरबी भरून आकार मिळतो, दूध येण्याची क्षमता आणि निपलची पूर्वीची संवेदना मिळत नाही. इस्ट्रोजेनने वाढलेले स्तन नको असतील तर शस्त्रक्रियाच लागते. हार्मोन उतरताना मन खालीवर होतं, पहिले तीन महिने फोनवरून तरी दर पंधरवड्याला चौकशी हवी. आणि थांबलेला प्रत्येक जण 'आधीचं सगळं चुकलं' असं म्हणत नाही. कुणाचा डिस्फोरिया तसाच असतो, फक्त औषध नको असतं. कुणाला काही वर्षांनी पुन्हा सुरू करायचं असतं. त्यांच्या तोंडी आपला निष्कर्ष घालू नये.

नोंदींचं काम कंटाळवाणं वाटतं, पण नुकसान तिथेच होतं. रुग्णाच्या नोंदीत लिंग 'पुरुष' झालं की गर्भाशयमुख असूनही कर्करोग-चाचणीचं बोलावणं येणं बंद होऊ शकतं. डीट्रान्झिशननंतर ते 'स्त्री' केलं आणि गर्भाशय काढलेलं असेल, तर नको ती बोलावणी येतात. प्रयोगशाळा हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिनची सामान्य मर्यादा त्या एका रकान्यावरून ठरवते, आणि हार्मोन बदलताना मधले काही महिने कुठलीच मर्यादा धड लागू होत नाही. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर अवयवांची यादी, आत्ता चालू असलेलं हार्मोन आणि ते सुरू किंवा बंद केल्याची तारीख, हे तीन रकाने वेगळे ठेवावेत, लिंगाच्या रकान्यात काहीही लिहिलेलं असो. डेक्सा थांबण्याच्या वेळी एकदा आणि दोन वर्षांनी पुन्हा. त्या दुसऱ्या तारखेचं पत्र रुग्णाने कोणत्या नावाने मागितलं आहे, ते त्याच दिवशी विचारून ठेवावं.